मौझ, केला, केळं : एका फळाची खरी शिफा

रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर आपल्या शहरात शहागंजकडे गेलात, तर खजुराच्या ढिगाशेजारी केळ्यांच्या हातगाड्या हमखास दिसतील. श्रीमंताच्या दस्तरखानावर सफरचंद, डाळिंब, किवी असेल नसेल. केळं मात्र मजुराच्या घरीही असतं. याच दिवसांत मोबाइलवर संदेशही फिरू लागतात : केळं म्हणजे जन्नतचं फळ, शंभर रोगांवर दवा. संदेश पाठवणाऱ्याची नियत चांगलीच असते. पण केळं नेमकं काय देतं आणि काय देत नाही, हे सांगणारा मोठा इतिहास आपल्यापाशी आहे. तो वाचला, तर संदेशाची गरज उरत नाही.

सुरुवात शब्दापासून करतो, कारण दोन भाषा शिकवणं हाच माझा पेशा. मराठी ‘केळं’ आणि उर्दू ‘केला’ ही दोन्ही संस्कृत ‘कदली’ची लेकरं. म्हणजे या फळापुरती तरी आपली मराठी आणि उर्दू एकाच आईच्या पोटची आहे. अरबीत त्याला ‘मौझ’ म्हणतात. उर्दूच्या वर्गात मुलं इथे हमखास गोंधळतात. लाट किंवा मजा या अर्थाची ‘मौज’ जीमने लिहितात आणि हे फळ झेने. संस्कृतात केळीला ‘मोचा’ असंही एक नाव आहे आणि अरबी ‘मौझ’चा धागा त्याच्याशी जोडला जातो. पुढे 1753 मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींना नावं दिली, तेव्हा केळीच्या कुळाला ‘मुसा’ म्हटलं. तिथेही अरबी नावाचा पडसाद ऐकू येतो.

आता ‘जन्नतचं फळ’ या दाव्याकडे येऊ. सूरह वाकिआमध्ये जन्नतच्या वर्णनात ‘तल्ह’ हा शब्द येतो. अनेक मुफस्सिरांनी त्याचा अर्थ केळ असा घेतला, तर इतरांनी बाभळीच्या जातीचं झाड असा. दोन्ही मतं तफसीरच्या किताबांत शेजारी शेजारी नांदतात. पण अर्थ कोणताही घ्या, तिथे जन्नतच्या नेमतींचं वर्णन आहे, औषधाची चिठ्ठी लिहिलेली नाही. त्या आयतीवरून रक्तदाबाचं औषध सुरू किंवा बंद करणं हा आयतीचा मान नव्हे.

आपले जुने हकीम याबाबतीत आजच्या संदेशांपेक्षा कितीतरी सावध होते. अकराव्या शतकातील इब्न सीनाने आपल्या ‘अल-कानून’मध्ये मौझची नोंद केली आहे. घसा आणि छातीच्या जळजळीला ते उपयोगी, असं तो सांगतो आणि त्यासोबतच ते पोटाला जड आहे, जास्त खाऊ नये, असंही बजावतो. एका हाताने फायदा आणि दुसऱ्या हाताने हद्द, ही त्या इल्मची रीत होती.

चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता तर आपल्या दौलताबादला येऊन गेला. इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची त्याने तारीफ केली आहे. केळ्याची त्याची एक मजेदार नोंद मात्र आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची आहे. मोगादिशूमध्ये कच्ची केळी दुधात शिजवून पाहुण्यांपुढे ठेवत, असं तो लिहितो. आपल्या शिकरणाचा हा दूरचा भाऊ म्हणायला हरकत नाही. दोनशे वर्षांनी बाबर हिंदुस्थानात आला, तेव्हा त्यानेही इथल्या फळांत केळ्याचं बारकाईने वर्णन केलं. अरब याला मौझ म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं आणि केळीला झाड म्हणावं की गवत, असा प्रश्नही त्याला पडला होता. वनस्पतिशास्त्र आज त्याच्याच बाजूने बोलतं. केळीला लाकडी खोड नसतंच, पानांच्या देठांचे पदर एकमेकांवर बसून ते ‘खोड’ होतं.

कन्नडचा घाट उतरला की पुढे खानदेश, केळीचं आगार. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा ही नावं कुठल्याही फळवाल्याच्या तोंडी असतात. पूर्वी बसराई ही बुटकी जात घरोघरी माहीत होती आणि त्या नावात बसरा शहर सरळ ऐकू येतं. 2016 मध्ये जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2021 मध्ये तांदलवाडीहून 22 टन केळी दुबईला रवाना झाली. ज्या भाषेने जगाला ‘मौझ’ हा शब्द दिला, तिच्या बाजारात खानदेशचं फळ पोहोचलं. आपल्या मराठवाड्यातलं नांदेड जिल्ह्याचं अर्धापूरही या पिकासाठी नावाजलेलं आहे.

आता फायद्यांचा हिशेब मांडू. साधारण 120 ग्रॅमच्या एका केळ्यात शंभराच्या थोडं वर कॅलरी, तीन ग्रॅम चोथा, ब-6 जीवनसत्त्व आणि सव्वाचारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. पोटॅशियम मिठाचा भार हलका करतं, म्हणून रक्तदाबासाठी ते चांगलं. पण जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला निदान 3510 मिलिग्रॅम पोटॅशियम सांगितलं आहे. एका केळ्याने त्याचा आठवा हिस्सा भरतो. बाकीचा डाळी, पालेभाज्या आणि इतर फळांतून यायला हवा. लोह केळ्यात नाममात्र आहे, तेव्हा ‘केळ्याने रक्त वाढतं’ हे खरं नाही. ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. मधुमेह असलेल्यांनीही पिकलेलं केळं मोजून खावं.

केळ्याच्या बाजूने एक पक्का पुरावा ढाक्यातून आला. तिथल्या संशोधकांनी 2001 मध्ये जुलाब लांबलेल्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना भाताच्या पेजेत शिजवलेलं कच्चं केळं मिसळून दिलं, काहींना नुसती पेज. चौथ्या दिवसापर्यंत केळंवाल्यांपैकी 82 टक्के बरी झाली, नुसत्या पेजेवरची 23 टक्के. कच्च्या केळ्यातला न पचणारा स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आतड्याला पाणी शोषायला मदत करतो, म्हणून हे घडतं. बंगालच्या घरांत कच्चं केळं नवं नाही, संशोधनाने त्याला आकडे दिले.

आणि केळ्याच्या नावावर झालेली एक मोठी चूकही इतिहासात आहे. 1924 मध्ये न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी सिलिअॅक या आतड्याच्या आजाराने खंगलेल्या मुलांना केळ्यांचा आहार दिला. मुलं खरोखर सुधारली. केळं औषध ठरलं आणि कित्येक वर्षं त्याचा गाजावाजा झाला. पुढे नेदरलँड्सच्या विलेम डिके यांनी दाखवून दिलं, की या मुलांचा शत्रू गहू होता. केळ्यांच्या आहारात पाव नव्हता, म्हणून मुलं वाचली. श्रेय केळ्याला देऊन गहू पुन्हा सुरू केला की दुखणं परत येई. फायदा खरा होता, पण कारण चुकीचं लावलं, आणि त्याची किंमत लेकरांनी मोजली.

हे सगळं सांगायचं कारण आपल्या शाळांत आहे. महाराष्ट्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या बालकांना अंडी किंवा केळी देण्याची सोय झाली. नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारातही आठवड्याला एक अंडं आलं आणि अंडं न खाणाऱ्या मुलांसाठी केळं किंवा स्थानिक फळ. जानेवारी 2025 मध्ये शासनाने अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागातून सोय करा, असं शाळांना सांगितलं. ज्या वस्तीत पालकांच्या हाताला रोजचं काम मिळेलच असं नाही, तिथे लोकसहभाग म्हणजे काय, हे शिक्षकाला विचारा.

‘अंडं नाही तर केळं द्या, एकच गोष्ट’ हे वाक्य मी स्टाफरूममध्ये अनेकदा ऐकलं आहे. एकच गोष्ट नाही. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, केळ्यात जेमतेम दीड. केळं भूक भागवतं, ताकद देतं, मुलं आवडीने खातात. प्रथिनांची जागा मात्र ते घेऊ शकत नाही. जे मूल अंडं खात नाही, त्याला केळ्याबरोबर मूठभर शेंगदाणे, उकडलेले हरभरे किंवा दूध मिळायला हवं. त्याच्या श्रद्धेचा मान राखून हे सहज करता येतं.

इफ्तारला खजूर आणि पाण्यानंतर केळं जरूर घ्या. कच्च्या केळ्याची भाजी करा, केळफूल वाया घालवू नका. अल्लाहची ही स्वस्तातली नेमत आहे, शुक्र अदा करून खा. पण तिच्या नावावर मुलांच्या ताटातलं दुसरं काही कमी होत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि विचारा. पालक म्हणून तो तुमचा हक्क आहे.