कर्नल कान्होबा

मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची यादी आमच्या शाळेतली मुले स्पर्धापरीक्षेसाठी घोकतात. १८७८ चे न्यायमूर्ती रानडे त्यांना आठवतात, १९१२ चे हरिभाऊ आपटेही आठवतात. ह्या दोघांच्या मध्ये १९०९ सालच्या बडोद्याच्या संमेलनापुढे एक नाव येते : कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. ते नाव घोकले जाते आणि तिथेच राहते. हे गृहस्थ फौजेतले लेफ्टनंट-कर्नल होते, अफगाणिस्तानची लढाई पाहून आले होते आणि मुंबईत वैद्यकाचे अध्यापक झाले होते, हे त्या यादीत कोण लिहिणार?

कीर्तिकर १८४९ साली जन्मले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, मग विलायतेला जाऊन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. ह्या नोकरीची परीक्षा हिंदी लोकांना खुली झाली ती १८५५ मध्ये, पण ती लंडनला जाऊन द्यावी लागे. परीक्षेची फी परवडली तरी समुद्रप्रवासाचा खर्च आणि घरच्यांचा विरोध कितीकांना पेलला असेल, हे वाचकांनीच ताडावे. ह्या खात्याची रीत मोठी चमत्कारिक होती. त्यातला डॉक्टर आधी फौजेचा. शांततेच्या काळात सरकार त्याला मुलकी कामावर देई. मग तो कुठे सिव्हिल सर्जन होई, कुठे कॉलेजात प्रोफेसर. लढाई पेटली की पुन्हा पलटणीत. कीर्तिकर दुसऱ्या अफगाण युद्धात (१८७८-८०) गेले. मुंबई इलाख्याच्या पलटणींनी १८८० मध्ये मैवंदला जबर हानी सोसली, ते हेच युद्ध.

तिथून परतलेल्या माणसाने पुढली वर्षे कशात घालवली? झाडाझुडपांत! ज्या कॉलेजात शिकले त्याच ग्रँट कॉलेजात ते शिकवू लागले, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मुंबईकडच्या विषारी वनस्पतींवर लेखमाला चालवली. विषारीच का? माझी कल्पना अशी की, सर्जनाच्या टेबलावर माणूस येतो तो उशिरा येतो. विष पोटात गेल्यावर डॉक्टर जे करू शकतो ते थोडे, आणि पाला ओळखणारा शेजारी आधी जे करू शकतो ते पुष्कळ. जखमी शिपायांत वावरलेल्या वैद्याला हे इतरांहून लवकर उमगले असेल.

आणि ही विषे काही दूरच्या रानातली नव्हेत. आमच्या औशाच्या किल्ल्याच्या खंदकाकाठी धोत्रा माजतो. त्याचे बी पोटात गेले की तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळू लागतो. पूर्वी वाटमारे प्रवाशांच्या खाण्यात तेच कालवीत. गुंज पाहावी तर सोनाराच्या ताजव्यात बसलेली, तांबडी-काळी, लहान मुलाने हटकून उचलावी अशी. तिच्या वाटलेल्या बियांची सुई करून कातड्यासाठी दुसऱ्याची जनावरे मारीत, असे जुन्या पोलिसी दप्तरांत वाचायला मिळते. कळलावीचे फूल तर देवाला वाहावेसे वाटते, पण तिचा कंद प्राण घेतो. चंद्रज्योतीचे बी मुले शेंगदाण्यासारखे फोडून खातात. चवीला ते वाईट नसते, हीच त्यातली दगलबाजी. तासाभरात ओकाऱ्या सुरू होतात आणि मास्तरांची धावपळ. माझ्या नोकरीत हे दोनदा घडले. दोन्ही वेळा पोरे वाचली, पण दुसऱ्या वेळी एका पोराची आई दवाखान्याच्या पायरीवर मला म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सगळं शिकवता, मग हे का शिकवत नाही?"

कीर्तिकरांचे मोठे काम म्हणजे औषधी वनस्पतींचा इंग्रजी ग्रंथ. सोबतीला मेजर वामनदास बसू, हेही सैन्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. त्यांनी मधुमेहाच्या पथ्यावर पुस्तक लिहिले होते. ग्रंथावर तिसऱ्या एका लेखकाचा उल्लेख आहे, तोही नुसता 'निवृत्त आय. सी. एस.' असा. नाव द्यायला ते का लाजले, कोण जाणे. हजाराहून अधिक चित्रफलकांचा हा ग्रंथ अलाहाबादच्या पाणिनी ऑफिसातून १९१८ साली बाहेर पडला. कीर्तिकर १९१७ मध्येच गेले होते.

१९१८! त्याच साली निजामच्या हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि पुढे तिथे डॉक्टरकीसुद्धा उर्दूतून शिकवली जाऊ लागली. देशी भाषेत वैद्यक शिकवता येत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पण औसा तेव्हा निजामच्याच मुलुखात. इथल्या मराठी बापाला एकीकडे कीर्तिकरांचे इंग्रजी, दुसरीकडे दरबारचे उर्दू. झाड दाराशी आणि त्याची ओळख दोन परक्या लिप्यांत!

कीर्तिकरांवर मी रागावावे, तर तेही जमत नाही. टेनिसनच्या 'प्रिन्सेस'चे, म्हणजे स्त्रियांच्या विद्यापीठाची गोष्ट सांगणाऱ्या काव्याचे, 'इंदिरा' हे मराठी रूपांतर ह्याच लष्करी डॉक्टरने केले. मराठी त्यांना येत होती, प्रिय होती. त्यांच्या कवितेची भाषा मराठी राहिली आणि विषाची इंग्रजी. त्या काळच्या विद्वानांचा संसार असा दोन चुलींवर चाले. तरी त्यांनी एक केले : ग्रंथात प्रत्येक झाडाखाली देशी नावे नोंदली, त्यांत मराठीही.

त्या नावांचाच मला उपयोग झाला. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. वर्णने शब्दकोश उघडून वाचावी लागली. वाचली ती ब्लॅटर, कायस आणि म्हसकर ह्यांनी पुष्कळशी नव्याने लिहिलेल्या दुसऱ्या आवृत्तीत. ती १९३३ पासून निघाली. वर्णनात अडलो की खालच्या नावांकडे यायचे. तिथे रोमन अक्षरांत का होईना, आपल्या बांधावरचे झाड ओळखीचे हसे.

आता दर श्रावणात, पाऊस उघडला की पाचवीच्या वर्गाला मी खंदकाकडे नेतो. हात लावायचा नाही, नुसते ओळखायचे. धोत्रा सगळ्यांना ठाऊक असतो, कारण तो महादेवाला लागतो. चंद्रज्योत दाखवली की मागच्या रांगेतले दोघे-तिघे एकमेकांकडे बघून गप्प होतात.