अधिवृषणशोथ

अधिवृषणशोथ म्हणजे पुरुषांच्या अधिवृषणाला येणारी दाहयुक्त सूज होय. अधिवृषण ही प्रत्येक वृषणाच्या मागील बाजूस असलेली, वेटोळी घातलेली बारीक नलिका असून ती उलगडल्यास सुमारे ६ मीटर लांब भरते. वृषणात तयार झालेले शुक्राणू तिच्यातून पुढे सरकताना परिपक्व होतात. सूज वृषणातही पसरल्यास त्या विकारास अधिवृषण-वृषणशोथ म्हणतात. ६ आठवड्यांपेक्षा कमी काळ टिकणारा विकार तीव्र, तर त्याहून अधिक काळ टिकणारा चिरकारी मानला जातो.

कारणे

बहुतेक वेळा मूत्रमार्गातील जीवाणू शुक्रवाहिनीतून उलट दिशेने अधिवृषणापर्यंत पोहोचतात. लैंगिकदृष्ट्या सक्रिय तरुणांमध्ये क्लॅमिडिया व परमा (गनोरिया) या लैंगिक संसर्गांचे जीवाणू प्रामुख्याने आढळतात. साधारणतः ३५ वर्षांनंतर ई. कोलाय यांसारखे आतड्यातील जीवाणू अधिक प्रमाणात कारणीभूत ठरतात. प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीमुळे लघवी तुंबणे, तसेच कॅथेटर किंवा मूत्रमार्गावरील शस्त्रक्रिया यांमुळे धोका वाढतो. चिरकारी प्रकारात क्षयरोगाची शक्यता तपासावी लागते. भारतात क्षयरोग व्यापक असल्याने ही बाब महत्त्वाची आहे. अमिओडॅरोन या हृदयविकारावरील औषधामुळे संसर्गाविनाही हा विकार क्वचित उद्भवतो.

लक्षणे

वेदना बहुधा एकाच बाजूस असून ती एक-दोन दिवसांत हळूहळू वाढते. वृषणकोश सुजतो, लालसर व उष्ण होतो. लघवीच्या वेळी जळजळ, वारंवार लघवी होणे, मूत्रमार्गातून स्राव व ताप ही लक्षणेही आढळू शकतात.

वृषणाच्या पिळापासून भेद

वृषणाला पीळ बसल्यास त्याचा रक्तपुरवठा खंडित होतो. त्यात वेदना अकस्मात व असह्य असते आणि अनेकदा उलट्या होतात. हा प्रकार किशोरवयात अधिक आढळतो. सुमारे ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास वृषण वाचण्याची शक्यता बरीच असते. केवळ लक्षणांवरून दोहोंतील फरक नेहमी ओळखता येत नाही. म्हणून वृषणात अचानक दुखू लागल्यास संकोचाने वेळ न दवडता तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक ठरते.

निदान व उपचार

लघवीची तपासणी, लैंगिक संसर्गाच्या चाचण्या व रक्तप्रवाह दर्शविणारी डॉपलर सोनोग्राफी यांचा निदानासाठी उपयोग होतो. जीवाणुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके दिली जातात. त्यांचा क्रम पूर्ण करणे आवश्यक असते. विश्रांती, वृषणकोशास आधार व बर्फाचा शेक यांनी वेदना कमी होते. लैंगिक संसर्ग असल्यास जोडीदाराचीही तपासणी व उपचार करावे लागतात. उपचारांअभावी गळू, दीर्घकालीन वेदना किंवा वंध्यत्व उद्भवू शकते.