निवारागृहातील प्राण्यांचा रंग आणि दत्तक

निवारागृहात आलेल्या कुत्र्या-मांजरांना घर मिळण्याच्या शक्यतेवर त्यांच्या अंगावरील केसांच्या रंगाचा होणारा परिणाम. काळ्या प्राण्यांना घर उशिरा मिळते, अशी धारणा अमेरिकेतील निवारागृहांच्या कार्यकर्त्यांमध्ये दीर्घकाळ रूढ आहे. कुत्र्यांच्या संदर्भात तिला ‘ब्लॅक डॉग सिंड्रोम’ म्हणतात, तर मांजरांच्या संदर्भात ‘ब्लॅक कॅट बायस’. सिंड्रोम म्हटले जात असले, तरी हा प्राण्याचा विकार नव्हे. माणसाच्या निवडीतील हा कल आहे. आजवरच्या अभ्यासांनुसार काळ्या मांजरांबाबतचा दुजाभाव वारंवार आढळतो. कुत्र्यांबाबतचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत.

जागा अपुरी असलेल्या निवारागृहात मुक्काम लांबला की प्राण्याचा ताण आणि संसर्गाचा धोका वाढतो. अमेरिकेतील काही निवारागृहांत जागेअभावी निरोगी प्राण्यांनाही इंजेक्शन देऊन मारले जाते. अशा ठिकाणी पसंतीतील लहानसा फरकही जीवन-मरणाचा ठरू शकतो. म्हणूनच या विषयाचा काटेकोर अभ्यास आवश्यक ठरतो.

आनुवंशिक पार्श्वभूमी : काळा रंग युमेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. अनेक जातींच्या कुत्र्यांत सीबीडी१०३ या जनुकाचे एक प्रभावी रूप असते. त्याची एकच प्रत मिळाली, तरी इतर जनुके आड येत नसल्यास पिल्लू काळे होते. मांजरांत एएसआयपी जनुकातील बदलामुळे केसांवरील पट्टे लोपून अंग एकसारखे काळे दिसते. हा गुण अप्रभावी असल्याने त्याच्या दोन प्रती लागतात. तो भटक्या व पाळीव मांजरांत सर्वदूर पसरलेला असल्यामुळे काळी मांजरे मुबलक जन्मतात. साहजिकच निवारागृहांतही त्यांची भरती मोठी असते.

संख्येमुळे होणारा भ्रम : समजा, एखाद्या निवारागृहात ६० काळी आणि २० पांढरी मांजरे आली आणि दोन्ही रंगांच्या निम्म्या मांजरांना घर मिळाले. मागे ३० काळी आणि १० पांढरी उरतील. दत्तक जाण्याचे प्रमाण अगदी समान असूनही पिंजऱ्यांच्या रांगेत पाहणाऱ्याला काळी मांजरेच उरलेली दिसतील. म्हणून उरलेल्यांची संख्या मोजून भागत नाही. किती आले आणि त्यांपैकी किती गेले, हे गुणोत्तर पाहावे लागते. ‘एएसपीसीए’ या अमेरिकन प्राणिकल्याण संस्थेने विविध शहरांतील निवारागृहांमधील सुमारे ३ लाख कुत्र्या-मांजरांच्या नोंदी तपासल्या. त्यांत काळे प्राणी मारल्या गेलेल्यांत सर्वाधिक होते, तसेच दत्तक गेलेल्यांतही. याचे मुख्य कारण म्हणजे दाखल होणाऱ्यांतच त्यांचा वाटा सर्वांत मोठा होता.

कुत्र्यांवरील अभ्यास : कॅलिफोर्नियातील एका निवारागृहाच्या नोंदींवर आधारित संशोधन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४,८१३ कुत्री आणि ३,३०१ मांजरे होती. वय, लिंग, जात आणि दाखल होण्याचे कारण यांच्या जोडीने रंग हाही निकालाशी संबंधित घटक ठरला आणि काळी कुत्री मागे पडलेली दिसली. पुढच्या अभ्यासांनी मात्र या निष्कर्षाला दुजोरा दिला नाही. न्यूयॉर्क राज्यातील, प्राणी न मारण्याचे धोरण असलेल्या दोन निवारागृहांच्या २०१३ मधील अभ्यासात कुत्र्यांच्या मुक्कामावर रंगाचा परिणाम आढळला नाही. वय आणि आकार यांचा मात्र आढळला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागातील दोन निवारागृहांतील १६,६९२ कुत्र्यांच्या नोंदी अभ्यासण्यात आल्या. तेथे काळी कुत्री मागे पडत नव्हती. जातीचा गट आणि वय यांवरून निकालाचा अंदाज अधिक चांगला बांधता येत होता. ज्या कुत्र्याची उपेक्षा रंगामुळे होते असे वाटते, त्याची अडचण पुष्कळदा त्याचे मोठे वय, आडमाप अंग किंवा पिटबुलसदृश ठेवण ही असते.

मांजरांवरील अभ्यास : मांजरांबाबत पुरावा अधिक सुसंगत आहे. कॅलिफोर्नियाच्या वरील अभ्यासात पांढऱ्या आणि करड्या मांजरांना दत्तक जाण्याची संधी अधिक, तर तपकिरी आणि काळ्या मांजरांना कमी होती. कोलोरॅडोतील २०१३ च्या अभ्यासात काळ्या मांजरांना घर मिळण्यास अधिक दिवस लागले. मात्र फरक थोड्या दिवसांचाच होता. केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराच्या निवारागृहात आलेल्या ७,९८३ मांजरांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे काळ्या मांजरांचे दत्तक जाण्याचे प्रमाण सर्वांत कमी आणि मारले जाण्याचे सर्वाधिक होते. पांढऱ्या मांजरांची स्थिती नेमकी उलट, तर करड्या व तपकिरी मांजरांची मधली होती.

कारणे : (१) रंगावरून स्वभाव ठरवण्याची सवय. २०१३ मधील एका प्रयोगात एकाच कुत्र्याच्या छायाचित्रात रंग आणि कानांची ठेवण तेवढी बदलून ती रूपे लोकांना दाखवण्यात आली. पिवळसर रूपातील कुत्रा त्यांना अधिक मनमिळाऊ आणि शांत वाटला, काळ्या रूपातील कमी. मांजरांबाबत २०१२ च्या कॅलिफोर्नियातील सर्वेक्षणात लोकांनी नारिंगी मांजरांना प्रेमळ, पांढऱ्या मांजरांना अलिप्त, तर तिरंगी मांजरांना तापट मानले. प्रत्यक्षात रंगावरून एखाद्या प्राण्याचा स्वभाव सांगता येत नाही.

(२) चेहरा न वाचता येणे. काळे केस प्रकाश शोषतात. त्यामुळे अंधाऱ्या पिंजऱ्यात किंवा छायाचित्रात डोळे, भुवयांचा भाग आणि तोंडाची ठेवण एकमेकांत मिसळून जाते. टेक्सासमधील २०२० च्या अभ्यासात काळ्या मांजरांविषयीच्या नावडीचा संबंध दोन गोष्टींशी आढळला : शुभाशुभावरील विश्वास आणि काळ्या मांजरांच्या भावना ओळखणे कठीण जाते ही भावना. धार्मिकतेशी तसा संबंध आढळला नाही.

(३) लोकसमजुती. मध्ययुगीन युरोपात काळ्या मांजराची सांगड सैतान आणि चेटकिणींशी घातली गेली. तिचे पडसाद आजच्या हॅलोविन या पाश्चात्त्य सणाच्या चित्रांत उरले आहेत. ब्रिटनच्या अनेक भागांत आणि जपानमध्ये मात्र काळे मांजर शुभ समजले जाते. महाराष्ट्रात काळे मांजर आडवे गेले की अपशकुन मानून थबकणारे लोक आहेत. त्याच महाराष्ट्रात काळे कुत्रे काळभैरवाचे वाहन म्हणून मान पावते आणि शनीची पीडा टळावी म्हणून त्याला पोळीही घातली जाते. एकच रंग एका प्राण्यावर अशुभ आणि दुसऱ्यावर पूज्य ठरतो. यावरून शकुन-अपशकुन माणसाने रंगावर लादलेला आहे, प्राण्याच्या अंगी तो नाही, हे उघड होते.

भारतातील स्थिती : भारतातील व्यवस्था अमेरिकेपेक्षा वेगळी आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरील कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज प्रतिबंधक लसीकरण करून त्यांना मूळ जागी परत सोडण्याची पद्धत आहे. त्यामुळे येथे दत्तकासाठी प्रामुख्याने पिल्ले, जखमी होऊन बरे झालेले प्राणी आणि मालकांनी सोडून दिलेले प्राणी असतात. त्यांची पहिली ओळख बहुधा मोबाइलवरील छायाचित्रातून होते. म्हणून काळ्या पिल्लाचे छायाचित्र नीट निघणे येथेही तितकेच मोलाचे आहे.

उपाय : काळ्या प्राण्याचे छायाचित्र दिवसाच्या मऊ उजेडात, फिक्या पार्श्वभूमीवर आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढावे. गळ्यात रंगीत रुमाल बांधल्यास चेहरा उठून दिसतो. पिंजरा उजेडाच्या बाजूला ठेवणे, शेजारी वेगळ्या रंगाचा प्राणी ठेवणे आणि पाटीवर रंगाऐवजी स्वभाव लिहिणे हेही उपयुक्त. ‘मुलांसोबत खेळते’, ‘मांडीवर झोपते’ अशा नोंदी पाहुण्याला थांबायला लावतात. ब्रिटनमधील ‘कॅट्स प्रोटेक्शन’ ही संस्था २०११ पासून दरवर्षी २७ ऑक्टोबरला काळ्या मांजरांचा दिवस पाळते. हॅलोविनच्या सुमारास छळाच्या भीतीने काळी मांजरे दत्तक न देण्याची प्रथा काही अमेरिकन निवारागृहांत होती. ती अनेकांनी सोडून दिली, कारण बंदीमुळे त्याच मांजरांचा मुक्काम लांबतो.

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याने प्राण्याचे वय, आरोग्य, वाढ पूर्ण झाल्यावरचा आकार, व्यायामाची गरज आणि घरातील माणसांशी जमणे पाहावे. पिंजऱ्याबाहेर, मोकळ्या जागेत त्याच्याबरोबर थोडा वेळ घालवल्याशिवाय निर्णय घेऊ नये. या सर्व कसोट्यांत रंगाला स्थान नाही. पाळणाऱ्याने इतका वेळ दिला, तर काळ्या प्राण्यालाही इतरांइतकीच न्याय्य संधी मिळते, आणि ती मिळणे हा त्याचा हक्क आहे.