रोमन स्थळांचा सामायिक नकाशा

ग्रीक-रोमन जगाचा एकसंध नकाशासंग्रह तयार करण्याचे जे काम 1988 साली रिचर्ड टॅलबर्ट यांच्या संपादनाखाली हाती घेण्यात आले, ते 2000 साली ‘बॅरिंग्टन अ‍ॅटलस’ या नावाने छापून पूर्ण झाले; परंतु नवे उत्खनन झाले किंवा एखाद्या स्थळाविषयीचे जुने मत मागे पडले, तरी छापलेले पान बदलता येत नाही, ही अडचण कायम राहिली. ‘प्लायडीझ’ हा ऑनलाइन स्थळकोश, म्हणजे प्राचीन स्थळांची नावे व ठिकाणे यांची सतत सुधारली जाणारी नोंदवही, याच सामग्रीच्या पायावर उभा राहिला. त्यात कोणाही जाणकाराला दुरुस्ती सुचवता येते, मात्र संपादकांनी तपासल्याखेरीज ती प्रसिद्ध होत नाही. प्रारंभी अनेक नोंदींना मूळ नकाशातील चौकटीपुरतेच ढोबळ स्थान होते. उपग्रहचित्रे पाहून नेमके अक्षांश-रेखांश भरण्याचे किचकट काम पुढे स्वयंसेवकांनी केले.

या कोशाचे खरे वैशिष्ट्य तंत्रात नसून मांडणीत आहे. स्थळ, नाव आणि भौगोलिक ठिकाण या तिन्ही गोष्टी तो वेगवेगळ्या नोंदवतो, त्यामुळे ग्रंथात उल्लेख आहे पण जमिनीवर पत्ता नाही अशा गावालाही त्यात जागा मिळते. हा काटेकोरपणा अनाठायी नाही, हे महाराष्ट्रातील तगर या प्राचीन नगराच्या उदाहरणावरून दिसते. रोमन काळातील सागरी व्यापाराची माहिती देणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले आहे. एवढ्या आधारावर कोणी ते देवगिरीला नेले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी धाराशिवजवळच्या तेर गावाशी जुळवले, जे आज सर्वमान्य आहे. नाव व ठिकाण एकाच ठिपक्यात कोंबणाऱ्या नकाशावर हा सारा वाद पुसला गेला असता.

विकिपीडियाच्या धर्तीवर चालणारा ‘व्हिची’ हा ऑनलाइन नकाशा प्लायडीझपेक्षा हौशी अभ्यासकांना अधिक मोकळीक देतो आणि पूल, स्नानगृहे, रस्त्यांचे अवशेष अशा बारीकसारीक खुणाही टिपतो. अर्थात अशा नकाशावर एखाद्या भागात ठिपक्यांची दाटी दिसली, तर ती रोमन वस्तीची मानण्यापूर्वी तेथे उत्खनने किती झाली आणि नोंदी करणारे उत्साही लोक किती आहेत, हे पाहणे इष्ट ठरते.