तीन मिनिटांत गोंधळ?

मंडळी, आमच्या धाराशिवकडे तुळजाभवानीचा गोंधळ रात्रभर चालतो. संबळ, तुणतुणं, पेटती दिवटी! १९०२ साली गैसबर्गने कोलकात्यात गाणी मुद्रित केली, तेव्हा तबकडीवर दोन-तीन मिनिटंच मावायची. जगभरात १९२५ च्या सुमारापर्यंत रेकॉर्डिंगला सहसा माईक नसायचा. गायक कर्ण्यात गायचा, त्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरायची. थोडक्यात, कला यंत्राच्या मापाने कापायची.

आज मोबाईलमध्ये अख्खी रात्र मावते हो, पण त्याचं ऑटो गेन संबळाच्या दणक्यासरशी पातळी खाली ओढतं आणि गोंधळ्याचे शब्द बुडतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की गेन हाताने लावा आणि माईक गोंधळ्याच्या तोंडाजवळ ठेवा. नाहीतर पुढच्या पिढीला दणका मिळेल, आख्यान नाही.