झाडीपट्टीतील समाधिशिळा

दफनभूमी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे चर्चशेजारची कुंपणाआडची जागा, ओळीने उभे असलेले क्रूस आणि त्यांवर कोरलेली नावे येतात. हीच खूण मनात धरून चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात शोध घेणाऱ्यास फारसे काही सापडणार नाही. वास्तविक मृतांची आठवण इतक्या दीर्घकाळ दगडांत ठेवणारा प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच असेल. (हे दोन्ही जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते, म्हणून येथे त्यांचा विचार एकत्र केला आहे.)

इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकात विदर्भातील लोक मृतांचे अवशेष पुरून त्यांभोवती मोठाल्या धोंड्यांचे वर्तुळ रचीत. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट येथे ही शिळावर्तुळे आहेत. डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननांत लोखंडी हत्यारे, मृद्भांडी, इतकेच नव्हे तर धन्याबरोबर पुरलेले घोडे आणि त्यांचे तांब्याचे साजही मिळाले. चंद्रपूरकडे याच परंपरेचे निराळे रूप दिसते. चिमूर तालुक्यातील हिरापूर येथे उभ्या शिळांवर प्रचंड सपाट शिळा ठेवून दगडी खोल्या केलेल्या आहेत. ती शिळा कशी चढविली असेल, हे पाहणाऱ्याने आपल्या मनाशीच ठरवावे.

या अभ्यासाच्या आरंभी एक करुण प्रसंग आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. गोंडांची भाषा, गाणी आणि चालीरीती त्यांनी आस्थेने टिपून ठेविल्या. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना, रात्री पाण्याने भरलेला नाला ओलांडीत असता ते बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. प्राचीन थडग्यांच्या वाटेवरच त्यांना मृत्यूने गाठले.

चांद्याच्या गोंड राजांच्या समाधी मात्र कोणालाही ओळखता येतील अशा आहेत. अंचलेश्वर मंदिराजवळ त्या उभ्या असून त्यांत वीरशहाची समाधी सर्वांत देखणी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याची राणी हिराई हिने ती बांधविली. पतीच्या वधानंतर दत्तक पुत्राच्या नावाने तिने राज्यही चालविले. पत्नीने पतीसाठी उभारलेले असे स्मारक इतिहासात वारंवार आढळत नाही. ताजमहालाचे कौतुक करणाऱ्यांनी इकडेही एकदा यावे.

राजांना चुना आणि वीट मिळाली. रयतेची स्मारके मात्र अनघड दगडाची. भामरागड, एटापल्लीच्या माडिया गावांबाहेर वाटेच्या कडेला मृताच्या नावाने शिळा उभ्या केलेल्या दिसतात. शेजारच्या बस्तरात तिला ‘उरसकल’ म्हणतात. तिकडच्या माडियांविषयी ग्रिगसन यांनी १९३८ च्या ग्रंथात तपशिलाने लिहिले आहे. शिळा आणणे हे एका घराचे काम नसते. तेथे गाव लागते. हे लोक हिरापूरकरांचे वंशज होत, असे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. मध्ये दोन-अडीच हजार वर्षांचे अंतर आहे, आणि ते नुसत्या साम्याने भरून निघत नाही.

परंतु या मुक्या शिळांना आज एक नवे मोल आले आहे. पिढ्यान्‌पिढ्या अरण्यात राहूनही येथील पुष्कळ कुटुंबांपाशी जमिनीचा कागद नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी, वस्तीचे जुनेपण सिद्ध करणाऱ्या पुराव्यांत विहिरी आणि पवित्र स्थळांबरोबर दफनभूमीचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला याच कायद्याने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेव्हा वाट रुंद करताना किंवा शेत सारखे करताना ‘नुसता धोंडा’ म्हणून बाजूस लोटलेली शिळा हा एखाद्या गावाचा दस्तऐवज असू शकतो. त्याच नियमांत वृद्धांचे निवेदनही पुरावा मानले आहे, मात्र ते लेखी हवे. आणि ज्या शिळेवर अक्षर नाही, ती कोणाची हे सांगू शकतील असे गावात बहुधा वृद्धच उरलेले असतात.