अर्धांगिनीचा हिशेब

लग्नाआधी नवराबायकोने पैशाअडक्याचा लेखी करार करायचा, असं नुसतं म्हटलं तरी आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. हे म्हणे साहेबाचं खूळ! म्हणणाऱ्यांनी जरा स्वतःच्या लग्नातल्या याद्या आठवाव्यात. चारी कोपऱ्यांना कुंकू लावलेला तो कागद म्हणजे करार नव्हता तर काय अभंग होता? विहिणीचं लुगडं, जावयाचं घड्याळ, वऱ्हाडाचं गाडीभाडं, सगळी कलमं ओळीने लिहिलेली आणि खाली दोन्हीकडच्या कर्त्या पुरुषांच्या सह्या. नव्हती ती फक्त नवरानवरीची. त्यांचा काय संबंध? त्यांचं नुसतं लग्न होतं.

१ जुलै १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा अमलात आला आणि हुंडा देण्याघेण्याचा कुठलाही करार रद्दबातल ठरला. त्यानंतर मुलाकडची मंडळी एकदम निरिच्छ झाली. ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय घालायचं ते घाला,’ एवढंच म्हणू लागली. कलमं गेली, ओझं राहिलं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. आणि मुक्त होताना पोर्तुगीजांचा एक कायदा मात्र तिथेच राहिला, १९६२ च्या कायद्याने तो चालूही ठेवला. ही पोर्तुगालची १८६७ सालची नागरी संहिता, गोव्यात १८७० पासून लागू. तिच्यात लग्न करणाऱ्यांना चक्क चार वाटा दिलेल्या होत्या. पहिली, सगळं दोघांचं: माहेरचं, सासरचं, आधीचं, नंतरचं. दुसरी, तुझं ते तुझं आणि माझं ते माझं. तिसरी, आधीचं ज्याचं त्याचं, पण लग्नानंतर कमावलेलं दोघांचं. चौथी, हुंड्याची मिळकत वेगळी ठेवायची, नवऱ्याने सांभाळायची आणि लग्न संपलं की परत करायची. (ही चौथी वाट आमच्याकडे कुणी सुचवली असती तर मांडवातून वऱ्हाड परत गेलं असतं.)

हवी ती वाट निवडायची तर लग्नाआधी नोटरीपुढे जाऊन दस्तऐवज करायचा. आणि काहीच केलं नाही तर? तर पहिली वाट आपोआप लागू. मला या कायद्यातली ही गोष्ट सगळ्यांत आवडते. आपल्याकडे गप्प बसणाऱ्या मुलीच्या पदरात काही पडत नाही. तिथे गप्प बसलेल्या नवरीला निम्मं मिळतं. आणि ती हिंदू असो की ख्रिस्ती. आमच्या शास्त्रकारांनी बायकोला अर्धांगिनी म्हटलं खरं, पण अर्धं म्हणजे किती एकर हे त्यांनी कुठे सांगितलं नाही. ते लिस्बनहून सांगून आलं.

नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता येत नाही, त्यामुळे गोव्यातलं खरेदीखत म्हणजे एक कौटुंबिक संमेलनच असतं. मडगावच्या आमच्या एका स्नेह्यांनी वडिलोपार्जित नारळीची बाग विकली, तेव्हाचा कागद मी पाहिला आहे. चार भाऊ, चार वहिन्या, तीन बहिणी. आणि तीन जावई! बहिणीचा वाटा म्हणजे तिच्या नवऱ्याचाही अर्धा, तेव्हा त्याचीही सही हवी. त्यातला एक जावई पंधरा वर्षं सासरी बोलत नव्हता. त्याला बोलतं करायला मेव्हण्यांना त्याच्या दारी जावं लागलं. कायद्याने नाती जोडली जातात ती अशी.

पण एवढ्यावरून गोव्याच्या बायका राण्या होत्या असं कुणी समजू नये. मालकी दोघांची असली तरी कारभार त्याच संहितेने नवऱ्याच्या हाती दिला होता. म्हणजे दिवाण तो आणि राणीसाहेब कागदावर. नवऱ्याने कर्ज काढलं तर त्याची झळही दोघांना. आणि दुसऱ्या वाटेच्या दस्तऐवजावर विशीतल्या मुलीने वडील सांगतील तिथे सही केली, तर संहितेप्रमाणे लग्नानंतर तो करार बदलता येत नसे. चाळीस वर्षं संसार करून ती उठली तर नवऱ्याच्या नावावरचं काही तिचं नाही. दहा मिनिटांची सही आणि जन्माचा हिशेब!

इकडे आम्हाला लाभला इंग्रजी वळणाचा कायदा. त्याची थोरवी १९१९ च्या बाल्फोर खटल्यात दिसते. सिलोनात नोकरीला असलेल्या एका साहेबाने आजारपणामुळे इंग्लंडात राहिलेल्या बायकोला महिन्याला ३० पौंड देण्याचं कबूल केलं. पुढे दोघांचं फाटलं, ती कोर्टात गेली. खाली जिंकली, वर हरली. नवराबायकोतलं असलं बोलणं हा करारच नव्हे, असं वरच्या न्यायाधीशांनी सांगितलं. त्यांतल्या लॉर्ड ॲटकिन यांचं म्हणणं असं की, हे करार मानायचे झाले तर लहान कोर्टं शंभरपटीने वाढवावी लागतील. वा! बायकोला पैसे का द्यायचे नाहीत, तर कोर्टात जागा नाही म्हणून.

गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगालने ती जुनी संहिता १९६७ मध्ये मोडीत काढली आणि ‘सगळं दोघांचं’ ऐवजी ‘नंतरचं दोघांचं’ ही वाट आपोआप लागू केली. सासरने अडगळीत टाकलेलं भांडं गोव्याने मात्र घासूनपुसून वापरात ठेवलं. आयकरवाल्यांनाही त्यापुढे मान तुकवावी लागली. १९९४ साली त्यांनी कायद्यात कलम ५अ घातलं आणि गोव्यातल्या जोडप्याचं पगाराखेरीजचं उत्पन्न निम्मं निम्मं धरायचं, असं ठरवलं. नवराबायकोचा संसार आयकराच्या फॉर्मवर इतक्या प्रेमाने मांडलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली. गोंयकाराची मिळकत भारतात कुठेही असो, तिचा वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल. वादातली मिळकत होती आपल्या मुंबईत. ही बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. ही चहा गाळत होती. म्हणाली, ‘म्हणजे बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडून लग्न केलं असतं तर अर्धं माझं?’

मी म्हटलं, ‘अगं, कर्जसुद्धा अर्धं.’

‘ते मी आताही फेडतेच आहे,’ ती म्हणाली आणि माझा कप माझ्यापुढे ठेवला. पूर्ण भरलेला होता.